चेक इंजिन लाइट लागलाय, कोड पी०१७१ आलाय, ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकू का?

आत्ता लगेच नका बदलू. तुम्ही लिहिलंय की २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चिन्ह लागून राहिलंय पण गाडी नीट चालते, इंदौरच्या विजयनगरमधल्या मेकॅनिकनं स्कॅनर लावून पी०१७१ काढला आणि सेन्सरचे साडेसहा हजार सांगितले, आणि दिवाळीला पुण्याला जायचंय. मी नेमका हाच सेन्सर बदलून बसलोय म्हणून जरा लांब लिहितो.

मी पण इंदौरचाच, रामबागेत राहतो. दोन वर्षांपूर्वी नाशिकहून येत होतो, खलघाटचा पूल ओलांडला, मानपूरचा घाट चढलो आणि महूच्या आसपास हाच लाइट, हाच कोड. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे गेलो तर तो म्हणे "भिया, सेंसर गया आपका", मी पण म्हटलं गेला असेल बुवा, बदलला, त्यानं कोड खोडून दिला, लाइट गेला, आम्ही खूश. आठवड्याभरात परत हजर.

मग बसून वाचलं तेव्हा कळलं की पी०१७१ मध्ये सेन्सर खराब आहे असं कुठे म्हटलेलंच नाहीये. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सची बाजू, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा कोड, आणि ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो कोण तर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर, आणि आपण बदलतो त्यालाच, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. सेन्सर स्वतः बिघडला की बहुतेक वेळा पी०१३० ते पी०१३५ मधलं काहीतरी येतं.

तर आधी एक ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ डोंगल घ्या, गाडीतले कोड फोनवर दाखवणारा छोटा प्लग, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीनं स्वतःचे बिघाड कोडमध्ये सांगायची पद्धत) सक्तीचं आहे त्यामुळे तुमच्या गाडीत स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट असणारच. मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर अ‍ॅप टाका. आणि कोड लगेच खोडू नका प्लीज, त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम सेव्ह झालेली असते, लाइट लागला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन किती गरम, लोड किती, स्पीड किती, सगळं. कोड खोडला की ते पण जातं आणि मग मेकॅनिकसमोर आपण हात हलवत उभे.

आता खरी गोष्ट म्हणजे फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय ते. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन आकडे दिसतील, दोन्हींची बेरीज करा. शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक, अधिक पंधरा-वीस दिसलं म्हणजे ईसीयू बिचारा जास्तीचं पेट्रोल ओततोय. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आधी आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, उभ्या गाडीत) बघा मग २५०० आरपीएमला धरून बघा. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर कुठूनतरी फालतू हवा शिरतेय, व्हॅक्यूमचे पाइप, पीसीव्हीचा (इंजिनमधली वाफ परत हवेच्या वाटेत नेणारा) पाइप, इनटेकचं गॅस्केट वगैरे. उलट, घाटात किंवा लोडवर वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, मग पंप, फिल्टर, इंजेक्टर बघा. माझी ट्रिम आयडलला अधिक अठरा आणि रेस दिल्यावर सहा होती, पण सगळे पाइप तपासले तर एकही फाटलेला नाही!

शेवटी सापडलं ते कानानं. सकाळी थंड गाडी स्टार्ट केली की टिक-टिक-टिक असा बारीक आवाज यायचा आणि गरम झाल्यावर बंद, मला वाटायचं टॅपेट असेल. ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जोडाचं, गॅस्केट निघालं, कडेला काळा डागही होता. तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि सेन्सरला ती दिसायची, तो खरंच बोलत होता. गॅस्केट बदललं, सेन्सरपेक्षा कितीतरी स्वस्तात काम झालं.

सेन्सर जिवंत आहे का हे पण फोनवरच कळतं. साध्या ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ लावा, गरम इंजिनला तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली नाचला पाहिजे. अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबला की वर, सोडला की जवळजवळ शून्य, तर सेन्सर ठणठणीत. एकाच जागी झोपला असेल तर मेकॅनिक बरोबर म्हणतोय, तरी आधी वायर बघा, पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर काय काय कुरतडतात विचारू नका.

अजून एक, ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. साध्या पेट्रोलला एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई२० ला साडेतेराच्या आसपास, म्हणून जुन्या गाडीत ट्रिम सात-आठ टक्क्यांपर्यंत तशीही वर सरकू शकते. तेवढ्यानं लाइट लागत नाही पण आधीच काठावर असेल तर लागू शकतो, त्यामुळे सगळा दोष पेट्रोलवर टाकून मोकळे होऊ नका.

व्हिडिओत सांगतात तसं पेट्रोलचं झाकण घट्ट करून बघायला हरकत नाही, पण ते जास्त करून अमेरिकेतल्या गाड्यांचं आहे.

राहिलं पुणं. लाइट स्थिर आहे, गाडी ओढतेय, तर चार-पाच दिवसांत हे सगळं बघून होईल, मग निघा. पण लाइट लुकलुकायला लागला तर मात्र गाडी बाजूला घ्या, ते मिसफायर असतं, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं, तो फार महाग पडतो. ट्रिमचे दोन्ही आकडे आणि फ्रीझ फ्रेम इथेच टाका, बघून सांगतो.