छापील घडीच्या खोक्यासाठी बोर्ड निवडताना जीएसएमच्या आधी काय बघावं?

तुम्ही विचारलंय की ३० मिलीच्या काचेच्या तेलबाटलीसाठी छापील घडीचं खोकं करून घ्यायचं आहे, एक छापखाना ३०० जीएसएमचा डुप्लेक्स (बहुधा रद्दीच्या लगद्याचा बोर्ड) सुचवतो, दुसरा ३०० जीएसएमचा एफबीबी (फोल्डिंग बॉक्स बोर्ड). जीएसएम सारखंच आहे, तर मग घ्यायचं कोणतं?

एफबीबी घ्या. पण ३०० हा आकडा धरून बसू नका. मी बरीच वर्षं कार्टनच्या पंचिंग (साच्याने कापणं) आणि पेस्टिंगच्या (चिकटवण्याच्या) कामात आहे, आणि बोर्डाची निवड चुकली की ती छपाईत कधीच दिसत नाही. खोकं भरायला घेतलं की दिसते. तोवर सगळा माल छापून झालेला असतो.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर बोर्डाचं ग्रॅममधलं वजन, एवढंच. खोकं उभं राहतं ते बोर्डाच्या ताठपणावर, आणि ताठपणा साधारणपणे जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दर मागवाल तेव्हा जीएसएमबरोबर मायक्रॉनमधली (मिलिमीटरच्या हजाराव्या भागातली) जाडीही लिहून मागा. ३०० जीएसएमचा एफबीबी साधारण ४५० मायक्रॉन भरतो. त्याच वजनाचा डुप्लेक्स ३८० ते ४०० च्या आसपास असतो; गिरणीगणिक थोडंफार इकडे-तिकडे होतं. बाकी सगळं सारखं धरलं, तरी ३८० आणि ४५० मधल्या नुसत्या जाडीच्या फरकाने ताठपणा दीडपटीहून जास्त होतो.

यामागे एफबीबीची बांधणी आहे. बाहेरच्या दोन्ही बाजूंना रासायनिक लगद्याचे पातळ, मजबूत थर आणि मध्ये यांत्रिक लगद्याचा फुगीर थर. बोर्ड वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरांवर येतो. मधल्या थराचं काम त्या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचं. डुप्लेक्समध्ये आतला लगदा बहुधा रद्दीचा असतो. कागद पुन्हा पुन्हा लगद्यात गेला की त्याचे तंतू आखूड होत जातात, आणि असा थर दबून बसतो. मागची बाजू पांढरी दिसली म्हणून आतला लगदा नवा असेल असं समजू नका, व्हाइट बॅक डुप्लेक्सलाही पोटात रद्दीच असते.

याचा हिशेबात फायदाही आहे. तुमच्या बाटलीला २७० जीएसएमचा एफबीबी पुरला, तर एका टनात ३०० जीएसएमच्या सुमारे ३,३३० चौरस मीटरऐवजी ३,७०० चौरस मीटर बोर्ड मिळतो. म्हणून किलोच्या दरावर तुलना करू नका, हजार खोक्यांच्या दरावर करा.

डुप्लेक्सला मी नावं ठेवत नाही. जड नसलेली, न फुटणारी वस्तू असेल, छपाई फिक्या रंगात असेल, तर तो उत्तम काम देतो. तुमच्या डिझाइनमध्ये मात्र गडद हिरवा सॉलिड रंग चारही कडांवरून जातो. आखूड तंतूंचा बोर्ड घडीवर तडकतो आणि गडद रंगात ती करडी रेघ लगेच डोळ्यांत भरते. तिसरा पर्याय एसबीएस (सॉलिड ब्लीच्ड सल्फेट) बोर्डाचा; तो पूर्ण पांढऱ्या रासायनिक लगद्याचा असतो. फॉइलिंग (चमकत्या पन्नीचं काम) आणि एम्बॉसिंग (उठावाचं काम) त्यावर फार सुरेख उठतं, पण तेवढाच ताठपणा मिळवायला वजन जास्त लागतं. तुमच्या कामाला त्याची गरज मला दिसत नाही.

आता ग्रेन, म्हणजे बोर्डातल्या तंतूंची दिशा. यावर जरा थांबतो, कारण ग्राहक ही गोष्ट विचारत नाहीत आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. बोर्ड बनताना तंतू यंत्राच्या दिशेने लोळतात आणि त्या दिशेला ताठपणा आडव्या दिशेच्या साधारण दुप्पट असतो. उभ्या बाटलीच्या खोक्यात ग्रेन चार उभ्या घड्यांना काटकोनात, म्हणजे खोक्याच्या कमरेभोवती फिरणारा हवा. एका कामात शीटवर एक खोकं जास्त बसावं म्हणून आम्ही लेआउट ९० अंशांत फिरवला. बोर्ड ठरलेलाच होता, छपाई अप्रतिम झाली, आणि बाटल्या भरल्यावर दोन दिवसांत सगळ्या खोक्यांची पोटं फुगली. तो लॉट परत करावा लागला. त्या निर्णयात मीही होतो, आणि तेव्हापासून कीलाइनवर (खोक्याच्या काप-घड्यांच्या आराखड्यावर) ग्रेनचा बाण काढल्याशिवाय मी काम पुढे सोडत नाही. तुम्हीही तो बाण मागा. घरी तपासायचं असेल तर एकाच मापाच्या दोन पट्ट्या कापा, एक शीटच्या लांबीत आणि एक रुंदीत. एका टोकाला धरल्यावर जी कमी लोंबते, तिच्या लांबीच्या दिशेने ग्रेन.

बोर्ड बदलला की क्रीझिंगही (घडीसाठी दाबून रेघ पाडणं) बदलावं लागतं, हेही छापखान्याला आधीच सांगून ठेवा. क्रीझच्या खाचेची रुंदी काढायचा नेहमीचा ठोकताळा असा: बोर्डाच्या जाडीची दीडपट अधिक क्रीझिंग रूलची, म्हणजे बोर्ड खाचेत दाबणाऱ्या पट्टीची, जाडी. ०.७१ मिमीच्या रूलवर ०.४५ मिमी बोर्डाला सुमारे १.४ मिमी खाच लागते, ०.३८ मिमीच्या बोर्डाला १.३. एक दशांशाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण खाच अरुंद पडली तर घडी फुटते आणि रुंद पडली तर कडा सैल, गोलसर येते. चांगल्या क्रीझमध्ये बोर्डाचे थर आतल्या आत सुटतात आणि घडीच्या आतल्या बाजूला एक सरळ, सलग फुगवटा उठतो. नमुना हातात आला की तो फुगवटा बोटाने चाचपून बघा.

तेल आहे म्हणून आणखी एक. झाकणातून थोडं जरी झिरपलं तरी बोर्ड ते शोषून घेतो आणि डाग बाहेरपर्यंत येतो. त्यावर जाड बोर्ड हा इलाज नाही. झाकण आणि आतला प्लग सुधारा. आणि वार्निश किंवा लॅमिनेशन काहीही करा, पेस्टिंगची पट्टी कोरी ठेवायला सांगा, नाहीतर गोंद धरत नाही.

छपाईची ऑर्डर देण्याआधी २७० आणि ३०० अशा दोन्ही एफबीबीचे कोरे डमी बनवून घ्या, ठरलेल्या ग्रेनमध्येच. भरलेल्या बाटल्या घालून बंद करा, एकावर एक तुमच्या पेटीत असतील तेवढे थर रचा आणि दोन-तीन दिवस दमट जागी ठेवा. ओलावा शोषला की बोर्डाचा ताठपणा उतरतो. मग फुगलेली पोटं, खचलेले कोपरे आणि तळाचं लॉक बघा. २७० टिकला तर तोच घ्या.