रकमेआधी अटी वाचा

सरकारी किंवा संस्थेच्या योजनेतून पैशासाठी अर्ज करताय? आधी एक ठरवा: तुम्हाला अनुदान हवंय, कर्ज हवंय की मदत? अनुदान सहसा परत करायचं नसतं, पण ते ठरलेल्या कामालाच वापरायचं आणि हिशेब द्यायचा. कर्ज, व्याज कितीही कमी असलं तरी, फेडावं लागतं. घरखर्चाचीच ओढाताण असेल तर अनुदानामागे धावू नका. त्यासाठी उत्पन्न बघून मिळणाऱ्या मदतीच्या योजना असतात.

मी पात्रतेच्या अटी आधी वाचतो, रक्कम नंतर. आणि ‘प्रतिपूर्ती’ हा शब्द दिसला की थबकतो. म्हणजे खर्च आधी तुमच्या खिशातून, पैसे बिलं तपासून मागाहून. माझ्या पहिल्या अर्जात हा एक शब्द नजरेतून निसटला. मंजुरीचं पत्र हातात, आणि यंत्र घ्यायला दमडी नाही!

सगळ्या कागदांवर नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. पोच घ्या, अर्ज क्रमांक टिपून ठेवा. नकार आलाच तर कारण लेखी मागा आणि अपिलाची मुदत लगेच बघा, ती भुर्रकन संपते. ‘मंजूर करून देतो, आधी फी भरा’ असा फोन आला, तर सरळ ठेवून द्या.