आपण हरवलेल्या टीमचे दोष मोजताना: मिशिगनच्या एका चाहत्याचं उत्तर

तुमची पोस्ट वाचली आणि थेट २०२४ चा नोव्हेंबर आठवला. तुमच्या कॉलेजने अमेरिकन फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षांच्या प्रतिस्पर्ध्याला हरवलं, त्याच रात्री मित्रांनी बसून त्यांच्या टीमचे दोष लिहून काढले: क्वार्टरबॅक (पास टाकणारा) दबावाखाली चुकतो, ओ-लाईन (त्याला वाचवणारी पुढची फळी) कच्ची आहे, किकरचा भरवसा नाही, कोच मोठ्या सामन्यात आखडतो. आता निम्मा गट म्हणतोय की ही टीम दोन-तीन वर्षं तरी डोकं वर काढत नाही, आणि काही जण पुढच्या वर्षीच्या सामन्यावर आत्तापासून पैज लावायला निघालेत. तुम्हाला ते पटत नाही, पण कुठे खटकतंय ते नेमकं सांगता येत नाही. टीमची नावं तुम्ही दिलेली नाहीत, त्याने काही अडत नाही. जवळजवळ याच शब्दांतली यादी आमच्या गटाने केली होती.

आधीच सांगतो, मी कोच नाही आणि हा खेळ कधी खेळलेलोही नाही. मी कोल्हापूरचा, नोकरीनिमित्त मिशिगनमध्ये आलो आणि इथल्या शनिवारांमध्ये पुरता गुंतलो. माझं म्हणणं चाहत्याचं म्हणूनच घ्या. डाउन, फॉर्मेशन वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितो. पैजेबद्दल मात्र माझ्याकडून सल्ला मिळणार नाही.

३० नोव्हेंबर २०२४, ओहायो स्टेटचं गाव कोलंबस. आमचे हे जुने प्रतिस्पर्धी देशात दुसऱ्या क्रमांकावर, आम्ही म्हणजे मिशिगन विद्यापीठ ६ विजय–५ पराभव असे रडतखडत आलेलो, जाणकारांच्या हिशोबात वीसेक गुणांनी मागे. आणि आम्ही १३–१० ने जिंकलो. त्यांचा क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे दोन पास आमच्या हातात पडले. त्यांचा किकर जेडन फील्डिंगने ३४ आणि ३८ यार्डांवरचे दोन फील्ड गोल (तीन गुणांच्या किक) चुकवले. २६ वेळा धावून त्यांना मिळाले ७७ यार्ड. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा एकही गुण नाही. आमच्या शेवटच्या ड्राईव्हला (चढाईला) थर्ड अँड सिक्सवर, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात सहा यार्ड हवे असताना, आमचा केलेल मलिंग्स उजेड दिसेल तिथून घुसला आणि २७ यार्ड पळाला, मग ४५ सेकंद उरलेले असताना आमच्या डॉमिनिक झ्वाडाने २१ यार्डांवरून किक मारली. नंतर मैदानात झेंडा रोवण्यावरून मारामारी, पोलिसांचा पेपर स्प्रे, दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड. असल्या तापलेल्या डोक्यांनी त्या रात्री आमची यादी तयार झाली. पहिला मुद्दा ओ-लाईन, शेवटचा त्यांचा कोच रायन डे. कोणीतरी खाली लिहिलं, ‘यांचा काळ संपला.’

त्यानंतर ५१ दिवसांनी, २० जानेवारी २०२५ ला, तीच टीम राष्ट्रीय विजेती झाली. टेनेसीला ४२–१७, ओरेगनला ४१–२१, टेक्ससला २८–१४ आणि अटलांटातल्या अंतिम सामन्यात नोत्र दामला ३४–२३. हॉवर्डचे अंतिम सामन्यातले पहिले तेराच्या तेरा पास पूर्ण झाले. आणि २६ सेकंद उरलेले असताना ज्या किकने सामना कायमचा हातात घेतला ती फील्डिंगची होती, ३३ यार्डांवरून.

म्हणून आमची यादी खोटी होती का? तसं मुळीच नाही, आणि तुमच्या गटाशी बोलताना नेमकं हेच लक्षात ठेवा. ओ-लाईन खरंच कच्ची होती. त्यांचा लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये ओरेगनविरुद्ध जखमी झाला, पुढे त्यांनी गार्ड डोनोवन जॅक्सनला सरकवून टॅकलवर आणलं. आमच्या सामन्याच्या थोडं आधी सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिनची टाच गेली. त्याआधी ऑक्टोबरमध्येच नेब्रास्काविरुद्ध २१–१७ असं जेमतेम सुटताना त्यांचं धावणं अडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे दोष दोन वेगवेगळ्या टीमांविरुद्ध दिसला होता, तो एका दिवसाचा अपघात नव्हता. तरीही ही टीम संपली हा निष्कर्ष साफ चुकला, कारण त्या दोषावर आमच्याविरुद्ध सारखा भार टाकत राहणं ही ओहायो स्टेटची स्वतःची निवड होती. आमच्या बचावाच्या लाईनच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट उभे, आणि हे पुन्हा पुन्हा तिथेच चेंडू घेऊन घुसत होते. बाहेर जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर (पास झेलणारा) असताना! त्याला आमच्याविरुद्ध पाच झेलांत ३५ यार्ड मिळाले. टेनेसीविरुद्ध त्यांनी सुरुवातीपासून लांब पास टाकले आणि पहिल्या क्वार्टरअखेर २१–० झालेले होते. रोझ बोलमध्ये ओरेगनविरुद्ध स्मिथला १८७ यार्ड मिळाले. लाईन तीच होती. तिच्यावर टाकलेलं काम बदललं.

यादीतल्या प्रत्येक ओळीला म्हणून एक प्रश्न विचारा: हे त्यांना जमत नाही, की त्यांनी त्या दिवशी तसं ठरवलं? न जमणारी गोष्ट सुधारायला उन्हाळा लागतो, नवी भरती लागते. ठरवलेली गोष्ट सोमवारच्या मीटिंगमध्ये बदलते. आमच्या यादीत या दोन जातींचे मुद्दे एकमेकांत मिसळलेले होते आणि कोणी ते वेगळे केले नाहीत.

दुसरा प्रश्न स्वतःच्या टीमबद्दलचा आहे, आणि जिंकलेल्या माणसाला तो सुचत नाही. त्यांची लाईन आमच्यासमोर कोसळली याचं मोठं कारण ग्रॅहम आणि ग्रँट होते. पुढच्या एप्रिलमध्ये ग्रॅहम एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडू-निवडीत) पाचवा गेला, ग्रँट तेरावा. अशी जोडी असेल तर समोरच्या कोणाचीही लाईन कच्चीच दिसणार. ते दोघे गेल्यावर आमच्या यादीतला पहिला मुद्दा उभा कशावर राहणार होता? २९ नोव्हेंबर २०२५ ला अ‍ॅन आर्बरमध्ये, आमच्याच मैदानावर, त्याचं उत्तर मिळालं. ओहायो स्टेट २७–९ ने जिंकलं. आमचा एकही टचडाउन नाही, सलग चार विजयांची मालिका तिथे संपली.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महागात पडली तिच्याबद्दल. आपण टीव्हीवर सामना पाहतो आणि त्यावरून दोष ठरवतो. कॅमेरा स्नॅपच्या वेळी, म्हणजे चेंडू खेळात येतो तेव्हा, लाईन आणि क्वार्टरबॅकवर असतो. रिसीव्हर दोन सेकंदांत चौकटीबाहेर जातो. सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, कुठे उभे होते, कोणी कोणाला सोडलं, कोण मोकळा होता आणि क्वार्टरबॅकला तो दिसला नाही, यातलं काहीच आपल्याला कळत नाही. रिप्लेमध्ये मिळतं ते फक्त जिथे चेंडू गेला तिथलं. म्हणून चाहत्यांच्या याद्यांमध्ये लाईन, क्वार्टरबॅक आणि किकर यांचेच दोष सापडतात, कारण चौकटीत तेवढेच असतात. तुमची यादी पुन्हा पाहा. सेकंडरीबद्दल (पास अडवणाऱ्या मागच्या फळीबद्दल) त्यात एक ओळ नाही.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील विरुद्ध शिवाजी हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल पाहिलेल्या माणसाला हे फार जाचतं. तो खेळ वेगळा, पण तिथे सगळं मैदान एका नजरेत असतं. हाफबॅक जागा सोडून पुढे आला की मागच्या पायरीवरचा म्हातारा आधी ओरडतो, गोल नंतर होतो.

म्हणून मी कोच लोक पाहतात तसलं, वरून घेतलेलं, बावीसच्या बावीस खेळाडू दिसणारं चित्रण शोधायला लागलो. एनएफएलचं असं चित्रण पैसे भरून मिळतं. कॉलेजचं सामान्य चाहत्याला सहसा मिळत नाही, ते टीमांच्या आपसात फिरतं. मला एक कंपनी सापडली, नाव लिहीत नाही, तिने जाहिरातीत ‘संपूर्ण कोचिंग फिल्म, सर्व मोठ्या कॉन्फरन्स’ असं छातीठोक लिहिलेलं होतं. वर्षाचे पैसे एकरकमी घेतले. आत जाऊन पाहतो तर टीव्हीवरचंच प्रसारण, जाहिराती आणि दोन प्लेमधला वेळ कापलेला, कोपऱ्यात चॅनेलचा लोगो पुसट केलेला. तीच चौकट, तेच चौकटीबाहेर जाणारे रिसीव्हर.

मदत कक्षाला लिहिलं. उत्तर आलं की तुमचा ब्राउझर अद्ययावत करा. मी चित्रांसकट पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? फोन नंबर कुठेच नाही. पैसे परत मागितले तर म्हणे डिजिटल माल एकदा उघडला की परतावा नाही. अहो, उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं? दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा, आणि शेवटी क्रेडिट कार्डवाल्यांकडे वाद नोंदवायची मुदतही टळून गेली. पैशांपेक्षा जास्त चीड याची आहे की तो सबंध हिवाळा मी त्या तुकड्यांवर टिपणं काढली आणि आमच्या गटात ती ‘फिल्म पाहून’ काढलेली टिपणं म्हणून फिरली. लोकांनी विश्वास ठेवला. कोणी फिल्मचा पुरावा म्हणून काही पुढे केलं तर एकच गोष्ट बघा: स्नॅपच्या आधी दोन्ही सेफ्टी दिसतायत का, आणि प्ले संपेपर्यंत दिसत राहतात का? नसतील तर ती फिल्म नव्हे, टीव्हीच. आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचे भरा, पहिल्याच दिवशी एक अख्खा ड्राईव्ह तपासा.

तिसरी गोष्ट यादीच्या मुदतीची. खेळाडूंना कॉलेज बदलू देणाऱ्या ट्रान्स्फर पोर्टलमुळे ती आता फार लवकर संपते. २०२३ मध्ये आम्ही ओहायो स्टेटला ३०–२४ ने हरवलं. शेवटचा पास रॉड मूरच्या हातात पडला आणि दोन्ही बाजूंचे चाहते म्हणाले, क्वार्टरबॅक काइल मकॉर्ड हाच कच्चा दुवा. तो सिरॅक्यूजला गेला आणि २०२४ च्या मोसमात देशात सगळ्यात जास्त पासिंग यार्ड त्याच्या नावावर लागले. इकडे ओहायो स्टेटने त्या एका हिवाळ्यात कॅन्सस स्टेटहून हॉवर्ड, अलाबामाहून केलेब डाउन्स आणि ओल मिसहून क्विनशॉन जडकिन्स आणले. मकॉर्डला दोन्हीकडून जे ऐकावं लागलं ते आठवलं की अजून वाईट वाटतं. विशी-बाविशीतल्या पोरांबद्दल लिहिताना चाहत्यांनी हात जरा आवरावा हे माझं ठाम मत आहे, आणि हे तुमच्या गटातल्या त्या किकरवाल्या ओळीलाही लागू आहे. दोन किक हुकल्या म्हणजे किकर कच्चा ठरत नाही. त्याचा सबंध मोसमाचा हिशोब काढा, अंतरानुसार, आणि मग बोला. तोवर ती ओळ यादीतून काढून टाका असं मी सांगेन.

कोचबद्दल मी जास्त बोलत नाही. डे आमच्याविरुद्ध सलग चार वर्षं हरला ही वस्तुस्थिती आहे. पण २०२२ मध्ये आमच्याकडून ४५–२३ असा मार खाऊन त्याचीच टीम साधारण महिन्याभराने जॉर्जियासमोर उभी राहिली आणि ४२–४१ अशी एका गुणाने हरली, आणि त्या जॉर्जियाने अंतिम सामन्यात टीसीयूला ६५–७ ने चिरडलं. त्याच टीसीयूने आधी आम्हाला ५१–४५ ने हरवलं होतं! वैराच्या सामन्यातलं कोचचं वागणं फार तर पुढच्या वैराच्या सामन्याबद्दल काही सांगत असेल, तेही खात्रीने नाही.

मग धरायचं काय? माझी पद्धत अशी, पटली तर घ्या. दोष दुसऱ्या, वेगळ्या धाटणीच्या टीमनेही उघडा पाडला तरच तो पक्का धरायचा. स्मिथचं उदाहरण घ्या. आम्ही त्याला ३५ यार्डांवर ठेवलं तेव्हा वाटलं, नशीब. पण टेक्ससने उपांत्य फेरीत त्याला एका झेलात तीन यार्ड दिले, आणि चौथ्या क्वार्टरमध्येही सामना १४–१४ होता. म्हणजे स्मिथ अडला की त्यांचा हल्ला मंदावतो, ही ओळ टिकाऊ होती. गंमत म्हणजे ती आमच्या मूळ यादीत नव्हतीच, कारण न टाकलेला पास टीव्हीवर दिसत नाही. आणि टेक्ससही शेवटी हरलंच, तेव्हा टिकाऊ ओळीलाही किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या प्रतिस्पर्ध्याचे या मोसमातले अजून सामने उरले असतील तर ते पाहा, मन घट्ट करून. ते जिंकताना पाहणं त्रासाचं असतं हे मान्य. आमच्या गटातल्या बहुतेकांनी त्या प्लेऑफचे सामने लावलेच नाहीत, आणि स्मिथबद्दलची खरी माहिती तिथेच होती.

तिकिटाबद्दल तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय. पन्नास यार्डांच्या रेषेवरची महाग जागा घेऊ नका. एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या) मागे, जितकं वर मिळेल तितकं वर बसा. तिथून लाईनमधल्या फटी आणि मागचे दोन्ही सेफ्टी एकाच वेळी दिसतात, आणि भावही बहुतेक वेळा कमी असतो. अ‍ॅन आर्बरला नोव्हेंबरात तिथे वारा बोचतो, तेव्हा बूड टेकायला जाड उशी न्या. वही न्यायची असेल तर पेन्सिल घ्या, थंडीत बॉलपेन चालत नाही.