सेल्फ फिरतो, पण गाडी पेटत नाही

प्रश्न: माझी कार्ब्युरेटरवाली मोटरसायकल दोन महिने उभी होती. आता इंजिन फिरतं, पण पेटत नाही. चोक ओढून बराच सेल्फ मारला, तर पेट्रोलचा वास यायला लागला. कार्ब्युरेटर खोलू का?

उत्तर: एवढ्यात नको! वास येतोय म्हणजे पेट्रोल पोचतंय, उलट जास्तच झालंय. आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघा. हसू नका, काही गाड्यांत तो बंद असला तरी सेल्फ फिरतो. मग स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा) काढा. तो ओलाच निघेल. पुसून, वाळवून वायरच्या टोकाच्या कॅपमध्ये घाला, त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारा. प्लगच्या भोकापासून मात्र लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ उडते. ठिणगी निळी, ठसठशीत हवी. पिवळट, मरतुकडी असेल तर प्लग बदला, आणि बॅटरीही तपासा: सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली गेलं, तर इंजिन फिरतं पण ठिणगीला जोर उरत नाही.

ठिणगी चांगली असेल तर प्लग बसवा, चोक बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून पाचेक सेकंद सेल्फ मारा. तरीही ढिम्म? मग शिळं पेट्रोल काढून ताजं भरा. कार्ब्युरेटरची पाळी त्यानंतर.