मॅनेजर नुसतं ‘बघू’ म्हणत असेल तर

ताई, इथे नेदरलँड्समध्ये आयंडहोवनच्या वृद्धाश्रमात किचनमध्ये आठवड्याला १६ तासांचा करार, तुम्हाला पाहिजेत २८ आणि मॅनेजरबाई पाच महिने ‘बघू’ म्हणतायत, हे तुमचं वाचलं आणि पोटात कालवलं. मी अ‍ॅमस्टेलव्हीनला, शाळेनंतरच्या पाळणाघरात होते. अगदी हेच.

माझी चूक म्हणजे आठ महिने मी फक्त तोंडी विचारलं. कुणी आजारी पडलं की धावत जायचे. वाटायचं, आपली मेहनत दिसतेय, करार वाढेलच. मग त्याच तासांवर नवी मुलगी घेतली. जाब विचारला तर ऑफिसने सांगितलं, तुमचा अर्जच नाही. सल्ला घ्यायला एका कार्यालयात गेले, तिथे म्हणाले, जागा निघेपर्यंत थांबा. त्या एका वाक्याने माझे आणखी चार महिने गेले. अजून राग येतो.

थांबायचं कारणच नव्हतं. ‘वेट फ्लेक्सिबेल वेर्केन’, म्हणजे कामाचे तास बदलून मागण्याचा हक्क देणारा इथला कायदा, २०१६ पासून लागू आहे. मालकाकडे १० किंवा जास्त माणसं हवीत आणि वाढीव तास सुरू होण्याच्या तारखेला तुमची २६ आठवडे नोकरी झालेली हवी. त्या तारखेच्या किमान दोन महिने आधी लेखी अर्ज द्यायचा. त्यात तीन गोष्टी हव्यातच: कुठल्या तारखेपासून, किती तास, कुठल्या वारी. तारखेच्या महिनाभर आधीपर्यंत लेखी निर्णय आला नाही, तर तुम्ही मागितले तसे तास लागू होतात. नकार द्यायला काम नाही, बजेट नाही असं ठोस कारण लागतं. एकदा निर्णय झाला की वर्षभर पुन्हा मागता येत नाही, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर मोघम काही पाठवू नका.

मी वकील नाही. तास वाढवण्याबाबत तुमच्या क्षेत्राच्या सीएओमध्ये (कामगार संघटना आणि मालकांच्या सामूहिक करारात) वेगळा नियम असू शकतो, तो आधी वाचा. अडलं तर युरिडिस लोकेटला, म्हणजे मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या संस्थेला, विचारा.

करारापेक्षा जास्त तास भरताय ना? ड्यूटीचे तक्ते आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. सलग तीन महिने सरासरी २४ तास पडले, तर करार २४ तासांचाच आहे असं धरता येतं. तसं नाही हे मालकाने सिद्ध करायचं. मला हे कळलं तोवर माझे तक्ते फेकले गेले होते.

इथे लहान मुलांच्या आईला कमीच तास हवे असतात असं धरून चालतात. आपण लिहून दिल्याशिवाय कुणी विचारत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

आणि हो, पाळणाघराचा टूस्लाख (खर्चासाठीची सरकारी मदत) मिळत असेल तर तास वाढताच करखात्याच्या साइटवर उत्पन्नाचा अंदाज बदला, नाहीतर नंतर पैसे परत भरावे लागतात.

अर्ज डचमध्येच लिहा. नावं काढून मसुदा इथे टाका, मी आज रात्री वाचते.