घरून कस्टमर केअरचे कॉल घेणार आहेस? आधी वायर ओढ

नेटचा स्पीड किती हवा, हे विचारत बसू नकोस. एका व्हॉइस कॉलला साधारण 100 केबीपीएस पुरतात. आवाज तुटतो तो बहुतेकदा वाय-फायच्या लहरीपणाने. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ लॅन केबल ओढ आणि राउटरला छोटा यूपीएस लाव. आमच्याकडे वीज गेली की लॅपटॉप चालू, राउटर बंद, आणि आधीच चिडलेल्या माणसाचा कॉल अर्ध्यात कट. पुन्हा लागला की तो दुप्पट चिडलेला!

हेडसेट वायरचाच घे. कुकरची वेळ घरच्यांशी ठरवून टाक, शिट्टी म्यूटच्या बटणाला थांबत नाही. होल्डवर टाकण्याआधी ग्राहकाला विचार. आणि हो, कामाआधी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस. दिलाच असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार कर.