पडद्याच्या पुढच्या चार ओळी

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या युरोप सहली ठरायला लागल्या की माझ्याकडे ठरावीक प्रश्न येतात, आणि त्यातले निम्मे एकाच गोष्टीबद्दल असतात: युरोपातल्या युरोपात, तास-दोन तासांच्या विमानात बिझनेस क्लास म्हणजे नक्की काय मिळतं? गेली बावीस वर्षं तिकिटांच्या धंद्यात आहे. तरी दर मार्चमध्ये हे नव्याने सांगावं लागतं.

ताई, मुंबई ते म्युनिक बिझनेस क्लासने अगदी आडवे झोपून गेलो. पुढे म्युनिक–रोमही त्याच तिकिटावर बिझनेसमध्ये होतं. आत जाऊन बघतो तर तीन-तीनच्या साध्या खुर्च्या! एजंटने फसवलं का? (ठाणे)

फसवलं नाही, पण सांगितलंही नाही. लुफ्तान्सा, स्विस, ब्रिटिश एअरवेज, एअर फ्रान्स, केएलएम यांच्या युरोपातल्या ए320 किंवा 737 जातीच्या विमानांत पुढची आणि मागची खुर्ची बहुतेक एकच असते. फरक इतकाच, की बिझनेसमध्ये तिघांपैकी मधली जागा रिकामी ठेवतात. मुंबई–दिल्लीला एअर इंडियाच्या पुढच्या भागात दोन-दोनच्या रुंद खुर्च्या बघितलेल्या माणसाला हे खटकणारच.

कारण सरळ आहे. सकाळी सातचं विमान कामाला जाणाऱ्यांनी भरतं, दुपारचं सुट्टीवर निघालेल्यांनी. रुंद खुर्च्या ठोकून बसवल्या तर दुपारी त्या रिकाम्या उडतील. त्यापेक्षा बिझनेस आणि इकॉनॉमीमधला पडदा हलवणं सोपं. बारा तिकिटं विकली गेली तर तीन ओळी बिझनेस, वीस गेली तर पाच. लोक चढायच्या आधी विमानात डोकावायला मिळालं तर बघा: एअर होस्टेस डोक्यावरच्या रुळावरून पडद्याची चौकट ढकलत आणते, सहाव्या ओळीपाशी अडकवते आणि कालची इकॉनॉमीची खुर्ची आज बिझनेस होते.

मग पैसे कशाचे? लाउंजचे, सिक्युरिटीच्या छोट्या रांगेचे, जास्तीच्या सामानाचे (बऱ्याच कंपन्यांत 32 किलोच्या दोन बॅगा), ट्रेवरच्या जेवणाचे आणि कोपराला मिळालेल्या मोकळ्या जागेचे. अपवाद आहेत. टर्किश एअरलाइन्स इस्तंबूलहून युरोपात जाताना खरोखरच्या रुंद खुर्च्या देते. फिनएअर आणि आयबेरिया कधी कधी लांब पल्ल्याचं मोठं विमान लंडनच्या फेरीला लावतात, तेव्हा तिथेही आडवं होता येतं. पण त्या भरवशावर पैसे मोजू नका, विमान आदल्या दिवशीही बदलतं. बुकिंगआधी सीट मॅप उघडा. ए-बी-सी, डी-ई-एफ दिसलं की समजा, खुर्ची साधी.

पहिली ओळ घ्यावी का? (नाशिक)

पाय लांब करायला बरी. पण पर्स पायाशी ठेवता येत नाही, आणि ट्रे खुर्चीच्या हातात दडलेला असल्याने तो हात वर होत नाही. मी तिसरी घेते.

दीड तासाच्या विमानात जैन जेवण मिळतं का? (सांगली)

काही कंपन्या देतात, काही इतक्या छोट्या उड्डाणावर देतच नाहीत. किमान 24 तास आधी सांगावं लागतं, ते कंपनीकडून पक्कं करून घ्या आणि तरीही खाकरे जवळ ठेवा.

मुंबई–लंडन स्वस्तात मिळालं, ते काढलं. पुढे लंडन–बार्सिलोना दुसऱ्या कंपनीचं वेगळं बिझनेस तिकीट काढतोय. मध्ये साडेतीन तास आहेत. बिझनेसवाल्यांचं सामान आपोआप पुढे जातं आणि उशीर झाला तर विमान थांबवतात, असं मित्र म्हणतो. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा शेंगेन व्हिसा आहे. ठीक ना? (पुणे)

नाही. या मित्राला मी गेली अनेक वर्षं शोधते आहे, कारण तो प्रत्येकाचा मित्र असतो.

दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार. पहिल्या कंपनीने तुम्हाला लंडनला पोचवलं की तिचं काम संपलं. तुम्हाला पुढे बार्सिलोनाला जायचंय हे तिच्या कागदावर नाही. दुसऱ्या कंपनीला तुम्ही मुंबईहून येताय हे माहीत नाही. तुम्ही वेळेत काउंटरवर आला नाहीत तर तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. परतीचा प्रवास त्याच तिकिटावर असेल तर बहुतेक वेळा तोही रद्द होतो. बिझनेसचं तिकीट बदलता येणारं असेल तर थोडं वाचाल, पण बिझनेसमध्येही आता न बदलणारी स्वस्त भाडी निघाली आहेत. तुमचं त्यातलं आहे का, ते भाड्याच्या अटींत वाचा.

आता सामान. बॅगेवर मुंबईत ‘लंडन’ची पट्टी लागली की ती लंडनच्या पट्ट्यावर फिरणार. ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं. इथेच गाडं अडतं. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, तुमचा शेंगेन व्हिसा तिथल्या खिडकीवर चालत नाही. बाहेर यायचं तर ब्रिटनचा व्हिसा हवा. तो नसेल तर तुम्हाला लंडनमध्ये कोणी अडवणार नाही, मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच अडवतील. माझ्याकडे आलेलं एक जोडपं असंच रात्री दोन वाजता विमानतळावरून घरी परतलं. पुढच्या प्रवासाचं बिझनेसचं तिकीट हातात होतं. त्याचा उपयोग शून्य.

आणखी एक तपासा: दुसरं विमान कुठून आहे? ‘लंडन’ म्हणजे हीथ्रो विमानतळच असं नाही. गॅटविक असेल तर बॅगा घेऊन रस्त्याने तासाभराहून जास्त वेळ धरा. साडेतीन तासांतून इमिग्रेशन, बॅग, बस, नवं चेक-इन आणि पुन्हा सिक्युरिटी वजा करा. काय उरतं?

‘कनेक्शनला नव्वद मिनिटं पुरतात’ हे वाक्यही एकाच तिकिटासाठी खरं असतं, तेही जिथे सामान आपलं आपण पुढे जातं तिथे. एकाच तिकिटावर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी. काही संकेतस्थळं दोन तुटक तिकिटं एकत्र दाखवून ‘सेल्फ ट्रान्सफर’ असं बारीक अक्षरात लिहितात. स्वस्ताईचं रहस्य तेच.

मुंबई–बार्सिलोना एकाच पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर) काय भाव मिळतो, ते आजच विचारा. पहिलं तिकीट रद्द करायला किती कापतील तेही. दोन्ही आकडे हातात आल्याशिवाय दुसरं तिकीट काढू नका, आणि ट्रान्झिट व्हिसाचं (वाटेत थांबण्यापुरत्या व्हिसाचं) व्हॉट्सअॅपवर नको, अधिकृत व्हिसा केंद्रात किंवा ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर तपासा.

ॲमस्टरडॅम–अथेन्स बिझनेसचं तिकीट होतं. गेटवर ‘जागा नाही’ म्हणून मागे बसवलं आणि 60 युरोचं व्हाउचर दिलं. घ्यावं का? (आइंडहोवन, नेदरलँड्स)

सही केली नसेल तर घाईने करू नका. युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमाचं दहावं कलम याचसाठी आहे. खालच्या वर्गात बसवलं तर 1500 किलोमीटरपर्यंत भाड्याचे 30 टक्के, आणि संघाच्या हद्दीत त्याहून लांबच्या प्रवासाला 50 टक्के सात दिवसांत परत द्यायचे असतात. तुमचा प्रवास दोन हजार किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे निम्मे. रोख किंवा बँकेत. व्हाउचर फक्त तुमच्या लेखी संमतीने.

पण ‘सगळ्या तिकिटाचे निम्मे’ अशी जी अफवा आहे ती सोडा. युरोपीय न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केलं आहे की ज्या टप्प्यावर खाली बसवलं त्याच टप्प्याचं भाडं धरायचं, आणि वर्गावर अवलंबून नसलेले कर त्यातून वगळायचे. बोर्डिंग पास जपून ठेवा, कंपनीला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर नेदरलँड्सच्या ग्राहक सल्ला केंद्राला विचारून पुढे जा.

विमान उशिरा आलं तर बिझनेसवाल्यांना भरपाई जास्त? (कोल्हापूर)

नाही. त्याच युरोपीय नियमातली 250, 400 किंवा 600 युरोंची भरपाई अंतरावर ठरते, आणि उशीर कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने असेल तर काहीच नाही.

‘बोली लावा, बिझनेसमध्ये जा’ असा मेल आलाय. 70 युरो लावू? (फोंडा)

हा मेल म्हणजे उरलेल्या जागांचा लिलाव. बोलीच्या पानावरच्या मीटरची सुई हिरव्याकडे सरकते, ‘संधी उत्तम’ असं दिसतं आणि आपण आणखी वीस टाकतो. आधी अटी वाचा: लाउंज आहे का, जादा बॅग आहे का, रक्कम प्रत्येक माणसाची की दोघांची, प्रत्येक टप्प्याची की सगळ्या प्रवासाची? काही कंपन्या बोलीवाल्यांना जुन्या तिकिटाचंच सामान देतात. तासाभराचं विमान, बसने विमानापर्यंत जायचं (त्या बसमध्ये सगळे एकत्रच कोंबलेले असतात) आणि लाउंज नाही, तर 70 युरोत रिकामी मधली जागा तेवढी मिळाली. पुढे जड बॅगा किंवा चार तासांचा थांबा असेल तर हिशेब वेगळा. कंपनीला लेखी विचारून मग लावा.

आईचे गुडघे दुखतात. पाय मोकळे राहावेत म्हणून तिच्यासाठी युरोपातल्या टप्प्यांनाही बिझनेस घेऊ? (औरंगाबाद)

गुडघ्यासमोरची जागा बहुतेक तेवढीच असते, शेजार फक्त मोकळा मिळतो. त्यांना खरी गरज व्हीलचेअरची आहे, आणि युरोपात ती मदत कोणत्याही वर्गात फुकट मिळते. निदान 48 तास आधी कळवा. किती वेळ सलग बसवेल हे मात्र मला नका विचारू, त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारा, आणि तिकीट काढायच्या आधी विचारा.